सुलतान बाजारातली वरची खोली

१४ डिसेंबर
सकाळी आपाचा फोन. शहनाज आपा, हैदराबादला सुलतान बाजारातल्या आमच्या घरमालकीण. खाली त्या, वरच्या खोलीत आम्ही, चौदा वर्षं. जानेवारीत सुनेला घेऊन हुरडा खायला येते म्हणाल्या. फोन ठेवल्यावर उगीच घरभर फिरले. ह्यांना शेतात जाऊन सांगितलं, तर 'बरं' म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. दोन वर्षं झाली पेडगावात येऊन, ह्यांचं सगळं बोलणं ज्वारीशी.

चौदा वर्षं हैद., मग सतरा पुण्यात. झोपेत मी अजून त्या खोलीचा जिना उतरते. पायऱ्या उंच होत्या, एका हाताने साडी धरायची, एका हाताने भिंत.

१८ डिसेंबर
स्कूटी काढून परभणीला गेले. काम काही नव्हतं. वेशीपर्यंत तिघांनी विचारलं, "कुठं चाललाव वैनी?" पहिल्याला खरं सांगितलं, दुसऱ्याला दवाखाना, तिसऱ्याला नुसता हात केला. परत येईपर्यंत कांताबाई ओट्यावर तयार. "बीपी वाढलं काय हो?" शेजारीण चांगली आहे, पण दवाखाना माझ्याआधी गावात पोचला होता.

पुण्यात चाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकले. हडपसरहून लक्ष्मी रोडला जायचं, तीन दुकानं हिंडायची, काही न घेता यायचं. कोणी विचारत नव्हतं. पुणेरी दुकानदार तर आलात कशाला असंच बघायचे. तेही आवडायचं मला. मी कोणाची सून, कोणाची वहिनी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

२६ डिसेंबर
आज शेतात गेले तर बांधाकडेला हुरड्याच्या ज्वारीचे तीन पट्टे. एक कंबरेच्या वर, कणसं भरत आलेली. दुसरा त्याच्यापेक्षा मागं. तिसरा अजून पोटरीत, कणीस बाहेरही न आलेला. मी म्हटलं, पेरायला चुकलात की काय. हे म्हणाले, मुद्दाम आठ-आठ दिवस सोडून पेरलंय. हुरडा थांबत नाही, दाणा टणक झाला की संपलं, आणि शहरातली माणसं सांगितल्या दिवशी येत नाहीत.

पण पेरणी तर सप्टेंबर-ऑक्टोबरातली. तेव्हा कोण येणार होतं? मी विचारलं. "येईल कुणीतरी तुझं," म्हणाले आणि पाणी बघायला गेले.

३ जानेवारी
पल्लवीचा पुण्याहून फोन. लेकीचं रोजचं एकच. इकडे या, खोली रिकामीच आहे, बाबा नाही आले तर तू तरी ये. ह्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस, असं तिला तीनदा सांगितलंय. माझ्या फोनचा स्पीकर बिघडलाय, बंदच होत नाही. हे ऐकतात आणि टोपी शोधायला लागतात.

६ जानेवारी
आपाचं आठ तारखेचं येणं लांबलं. सुनेला सुट्टी नाही. पहिला पट्टा टणक झाला. 'दुसरा हाय की,' हे म्हणाले.

१३ जानेवारी
भोगी. बाजरीची भाकरी, तीळ, भाज्यांचं कालवण. कांताबाईने वानवळा दिला.

हैद.मध्ये या दिवसांत गच्चीवर पतंग. आपाचा धाकटा माझ्याकडं फिरकी द्यायचा आणि मीच गुंता करायची. संध्याकाळी नुमाईशला, तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला जायचं, डबल डेकर बसमध्ये वर, पुढच्या काचेशी. हे तेव्हा पंख्याच्या कारखान्यातून दमून यायचे, तरी सोबत निघायचे. बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपायचे. मी सगळं शहर वरून बघत जायची, दुकानांच्या पाट्या, लोकांच्या गच्च्यांवरचे कपडे. मला वाटायचं हे सगळं माझंच आहे. फार प्रेम केलं मी त्या शहरावर. इथं हे बोलून दाखवायला माणूस नाही.

दुसराही पट्टा गेला. आपा म्हणतात पंचवीसला नक्की.

१९ जानेवारी
आपा येत नाहीत. इमारत पाडायची ठरली, ईद झाली की. त्यांचा मुलगा त्यांना टोलीचौकीला स्वतःकडे नेणार. सामान आवरण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला आला आहे. मग म्हणाल्या, "ऊपर का कमरा खाली पड़ा है। रमजान में आ जाओ, पूरा महीना। तुम्हारा पतेला अलग रख्खी मैं अभी तक। जास्ती सोचो नक्को।"

आमचं लिंगायताचं घर, मांसाहार नाही. आपाने पहिल्या महिन्यातच माझ्यासाठी वेगळं पातेलं केलं होतं, शीरखुर्म्याचं. त्यात दुसरं काही कधी शिजू दिलं नाही. तीस-बत्तीस वर्षं झाली त्याला. मी रडले. हे दारात उभे होते, स्पीकर चालू होता.

२१ जानेवारी
दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. आज मीच विषय काढला. जा की, म्हणाले. त्या 'जा की'चा अर्थ मला कळतो. फेब्रुवारीत ज्वारी काढायला येते, बाया मिळत नाहीत, त्यांचा स्वयंपाक, राखण, सगळं आहे. मी म्हटलं, तुम्हाला नको असेल तर सरळ सांगा. तर म्हणे, मी कुठं नको म्हणालो. भांडायला दोन माणसं लागतात, इथं मी एकटीच.

पल्लवीला कळलंय. तिचं गणित तयार. ईद करून हैद.हून थेट पुण्याला ये, मग बाबा आपोआप येतील मागे. हे येणार नाहीत. मला माहीत आहे. आणि मी एकदा पुण्याला गेले तर... असो.

२५ जानेवारी
तिसरा पट्टा. कोणी यायचं नव्हतं तरी ह्यांनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. कांताबाई आणि तिचा नवरा आले, खाऊन गेले. मग आम्ही दोघंच निखाऱ्यापाशी. हे कणसं हातावर चोळत होते, फुंकर मारून दाणे माझ्या पुढ्यात टाकत होते. स्वतः खात नव्हते.

मग मान खाली घालूनच बोलले. "तिथं खालच्या नळावर भांडी घासताना तू गाणं म्हणायचीस. मी जिन्यात थांबून ऐकायचो, मग वर यायचो. पुण्यातबी म्हणायचीस, हळू. इथं आल्यापासून एकदाबी न्हाई म्हणलीस."

मी म्हटलं, माझ्या लक्षात नव्हतं आलं.

"माझ्या आलं व्हतं. जाऊन ये. मी मनापासून म्हणायलोय."

ह्यांना शहर कधी आवडलंच नाही असं मी धरून चालले होते. जिन्यात थांबायचे हे तर आज कळलं. राग आला, इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून. मग दाणे खाल्ले सगळे. गोड होते.

२ फेब्रुवारी
आपाला कळवलं. त्यांनी खोली झाडून घेतली, नळाला नवी तोटी बसवली. पाडायच्या इमारतीला नवी तोटी! मुलगा हसला म्हणे. कांताबाई बायांचा स्वयंपाक बघते म्हणाली, वर "लय दिवस राहू नका" असंही.

आनंद होतोय. खूप. आणि ह्यांच्याकडे बघितलं की तो लपवावासा वाटतो. इमारत पडल्यावर मी कशाची आठवण काढणार, हाही एक घोर आहेच. चारमिनार काही कुठे जात नाही, पण मला चारमिनारचं काय. मला तो जिना हवा होता.

१४ फेब्रुवारी
परवाची गाडी. परभणीपर्यंत हे सोडायला येणार. पिशवीत तीळ, हातशेवया, आपासाठी घरची ज्वारी.

जेवताना पल्लवीचा फोन. जायचं तिकीट काढलंय, परतीचं कधीचं काढू, आणि परभणीचं काढू की पुण्याचं? ह्यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, ईद तर होऊ दे, मग सांगते. ती बरं म्हणाली.

जेवण झाल्यावर ह्यांनी आपलं ताट उचललं, मोरीत नेऊन स्वतः घासलं, पालथं घातलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, ठेवा ना, मी आहे अजून दोन दिवस.

"सवय करून घ्यायलोय," म्हणाले.

एका महिन्याची की कायमची, ते मी विचारलं नाही.