कवडी परत देण्याबद्दल

मी सत्यभामा, मयत यादोराव यांची बायको, वय अडुसष्टच्या आसपास, राहणार आसगाव, पवनीजवळ, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवते. कोणाची जबरदस्ती नाही. ते यादोरावले जमलं नाही, तर दुसऱ्याले काय जमते?

पहिलं. बैलबंडी आणि तांब्याचा गुंड पुतण्या टेकचंदले. "काकू, तब्येत कशी आहे?" असं विचारत विचारत तो पावलांनी माझं आंगण मोजते. तब्येत चांगली आहे, बाबू. आंगण तुले नाही.

दुसरं. घराची चौकट कोणी उंच करू नये. माझ्या बाबांनी ठेंगणीच बसवली. यादोराव घरजावई होऊन आले त्याच दिवशी कपाळावर टेंगूळ आलं. आत येणाऱ्या प्रत्येकाले एकदा लागते, मग माणूस वाकाले शिकते.

तिसरं. घर आणि बोडीच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी शेजारच्या कवडूले. काहून, ते सांगते.

मी आठ वर्षांची असताना मानमोडीची साथ आली. धान पिकून उभं, कापाले माणूस नाही. आधी बाबा गेले, मग दोन्ही मोठे भाऊ. तान्हा भाऊ राहिला. मायच्या अंगात ताप. तिनं त्याले कुडावरून शेजारच्या रुखमाले एका कवडीले विकलं. लेकरं जगत नसली का आमच्याकडं असंच करतात. लेकरू परक्याचं झालं का मरण त्याले शोधत नाही. साथ सरली का कवडी परत देऊन घरी आणायचं. तोवर त्यानं जन्मघराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

माय गेली. कवडी माझ्या मुठीत राहिली. मामा इथं येऊन राहिला, त्यानं मले वाढवलं. मी कवडी घेऊन गेले का रुखमामाय म्हणे, "राहू दे पोरी, पुढच्या साली." तिचंही लेकरू त्याच साथीत गेलं होतं. मी कवडी तशीच घरी आणत गेले.

कवडू म्हातारा झाला, तरी भाऊबीजेले ओसरीवरच ओवाळून घेते.

"आत ये न रे, कवड्या."

"नाही बाई. रुखमामायची शपथ आहे."

मले आजही समजलं नाही, मरण खरंच फसलं का? मग मले तर कोणी विकलं नव्हतं, मी कशी वाचले? का मले पाहून तेच घाबरलं? वर गेले का आधी हेच विचारीन.

आज कवडूले साक्षीदार म्हणून ओसरीवर बोलावलं. परसराम गुरुजी म्हणाले, "ज्याला मिळते त्याची सही नको." तेव्हा त्याले कळलं.

"बाई, कवडी देशीन कोणाले? रुखमामाय तर गेली."

"तूच तिचा वारस. तुझी किंमत तुलेच देते. चुलीजवळ फळीवर आहे, आत जाऊन घे. नाही घेतली तरी घर तुझंच. पण मग माझ्या तिरडीले भाऊ नाही, शेजारीच लागन."

चौथं. माझी लुगडी मंगलाबाईच्या लेकीले, पण हिरवं

थांबा. चौकटीवर कोणाचं तरी डोकं आपटलं. गावात ज्याले ही चौकट अजून लागली नव्हती, असा एकच माणूस आहे.

चौथं राहू द्या. मले त्याच्या टेंगळाले हळद उगाळाची आहे.

वरचं सगळं माझ्या मर्जीचं, माझ्या हातचं.

सही: सत्यभामा यादोराव
साक्षीदार: परसराम गुरुजी (सही), मंगलाबाई (अंगठा)
आसगाव, भाऊबीज, सन १९७८