माझ्या पश्चात बोट कापावी, याबाबत

मी, मोनिका शमुवेल साळवे, वय २९, व्यवसाय प्लास्टिक वेल्डिंग, राहणार सावेडी, अहिल्यानगर, बोरखडी (ता. राहुरी) येथील समाजमंदिराच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य कायद्याला लागते म्हणून लिहितातच. पण आज सकाळपासून गावातल्या बऱ्याच जणांनी मला त्याबद्दल विचारले आहे, म्हणून मी ते विचारपूर्वक लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

हे आज का लिहिते आहे, ते आधी नोंदवते.

मुळा धरणाच्या फुगवट्यापलीकडे कोंडवस्तीवर पूजा नावाची बाई बाळंतपणाला टेकली आहे. तिचा नवरा राम माझ्या वडिलांचा विद्यार्थी. तिचे पाय सुजले आहेत, रक्तदाब वाढला आहे, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितले की उद्यापर्यंत तिला दवाखान्यात आणा, त्यापुढे थांबू नका. वस्तीचा फरशी पूल पाण्याखाली आहे. घाटाच्या रस्त्यावर दरड आली आहे. मदतीची सरकारी बोट दुसऱ्या तालुक्यात गुंतली आहे, ती परवाच्या आधी येत नाही. आज पाण्यावर वारा आणि लाट इतकी आहे की कोणतीच बोट घालता येणार नाही. वारा सकाळी पडतो. म्हणून उद्या उजाडताच मी वडिलांची जुनी हवेची बोट घेऊन निघणार आहे.

माझ्या अंदाजाने जाताना ती जाईल. येताना पूजा आणि तिची सासू छबूबाई बसल्यावर जाईल, याची मला खात्री नाही. कालपासून डाव्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून ठेवल्या आहेत. हा जीव द्यायचा प्रकार नाही. दुसरे साधन कुलपात असल्यामुळे उरलेला हा पर्याय आहे.

कलम १. सावेडीतल्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा माझी आई दया शमुवेल साळवे हिला मिळावा. उरलेला अर्धा माझा भाऊ जेम्स याचा आहे. आई जिवंत आहे तोवर त्याने फ्लॅट विकायला काढू नये. पुण्यात हप्ते कसे वाढले आहेत हे तो सांगेल. आईने ऐकून घ्यावे आणि त्याला जेवायला वाढावे.

कलम २. बँकेतली माझी बचत आईला. त्यातून एक काम मात्र आधी करावे. मी ज्या ज्या शेततळ्यात प्लास्टिकचा कागद टाकून जोडला आहे, त्या प्रत्येकाच्या चारही बाजूंना गाठी मारलेला दोर सोडावा. कागद ओला झाला की पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही. दोर लावायला मी प्रत्येक मालकाला सांगितले होते. प्रत्येकाने "लावू की" म्हटले होते.

कलम ३. गरम हवेचे वेल्डिंग यंत्र, रोलर, पात्या आणि चिकटवण्याचे सगळे सामान माझ्यासोबत काम करणाऱ्या बायडाबाई यांना द्यावे. जोड कुठे कच्चा आहे ते त्यांना अंगठ्याने कळते. त्यांनी यंत्र वापरून झाल्यावर आधी थंड हवेवर चालू ठेवून मगच बंद करावे. ही एक गोष्ट त्या विसरतात. जेम्स या यंत्राला पाहुण्यांसमोर हेअर ड्रायर म्हणत आला आहे. त्याचा त्यावर काही हक्क राहणार नाही.

तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी जेम्सनेच करावी. तो कंजूष आहे, आणि त्याचा हिशेब चुकत नाही.

कलम ४. या गावातल्या गहिनीनाथकाकांना मी काही ठेवत नाही. ते या कागदाचे साक्षीदार होणार आहेत, आणि साक्षीदाराच्या नावाने ठेवलेले कायद्यात टिकत नाही. वडिलांची पितळी शिट्टी त्यांना द्यायची होती, ती मी आज जिवंतपणीच त्यांच्या हातात दिली. माझे वडील कोंडवस्तीच्या शाळेत शिक्षक होते. मधल्या पाण्यात आले की ते ही शिट्टी वाजवत आणि पलीकडे मुले वह्या घेऊन धावत. वल्ही गहिनीनाथकाकांच्या हातात असत. काकांनी शिट्टी घेतली, सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "पोरी, आदी परत ये, मग वाजवतो."

कलम ५. आता बोट.

ही बोट वडिलांनी एका पर्यटन केंद्राच्या लिलावात स्वतःसाठी घेतली होती. पावती त्यांच्या नावाची आहे, आणि त्यांच्या पश्चात आई आणि जेम्सच्या लेखी संमतीने ती माझी झाली. गावाने ती गावाची धरली, याबद्दल तक्रार नाही. पण तिचे काय करायचे हे मीच ठरवू शकते.

बोरखडीत जे काही फुगते ते गावातल्याच कल्याण पंक्चरवाल्याच्या दुकानात जाते. बोटीच्या डाव्या नळीला पहिली चीर पडली तेव्हा बोट समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी ती कल्याणकडे पाठवली. कल्याणचा दोष नाही. त्याला ट्यूब म्हणून दिली, त्याने ट्यूबसारखी चिकटवली. परंतु हे रबर नाही, प्लास्टिकचा लेप दिलेले कापड आहे. सायकलचे सोल्युशन त्यावर अंगणात घट्ट बसते, हवा धरते, सगळ्यांचे समाधान होते. उन्हात लेप तापला की खालचे सोल्युशन मऊ होते आणि ठिगळ सरकते. ते सरकले तेव्हा वडील आणि गहिनीनाथकाका पाण्याच्या मध्यावर होते. दोघे लुळी पडलेली बोट ओढत पोहत काठाला आले. त्यानंतर आठवड्याने वडिलांना ताप आला आणि ते दवाखान्यातून परत आले नाहीत. गाव म्हणते, सर तापाने गेले. मी डॉक्टर नाही. मीही तेवढेच लिहिते.

त्यानंतर ते ठिगळ मी काढले, आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्या योग्य गोंदाने, योग्य तापमानात मीच केल्या. त्या जागा आजही बोटीतल्या सर्वांत मजबूत जागा आहेत. अडचण तीच आहे. ठिगळाच्या शेजारचे कापड आता सुटते. लेप उडून आतला धागा दिसतो, मागच्या फळीचा जोड ओला झाला की उकलतो. भोक दुरुस्त होते. थकलेले कापड दुरुस्त होत नाही. हे मी समितीला मागच्या दिवाळीत सांगितले, आणि समितीने ऐकलेही. एका संस्थेकडून नवी बोट आली.

ती माझ्या पाठीमागे आहे. या भिंतीपलीकडे, समाजमंदिरात, कंपनीच्या खोक्यात. खोक्याला हार घातलेला आहे, तो वाळला आहे. वर फलक आहे, त्यावर प्रमुख पाहुण्यांचे नाव आहे. पाहुण्यांची तारीख गुढीपाडव्याला ठरली होती, ती पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. नारळ फुटल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही. कोणी परस्पर काढू नये म्हणून नवा पंप, वल्ही आणि जाकिटे आबासाहेबांच्या घरी आहेत. कुलूप तोडायचा सल्ला मला रामने फोनवरून दिला. पण पंपाशिवाय नवी बोट म्हणजे घडी घातलेली ताडपत्री आहे, आणि जुन्या पंपाचे तोंड नव्या झडपेला बसत नाही.

आज सकाळी मी आबासाहेबांकडे गेले. झालेले बोलणे लिहून ठेवते, कारण माझ्या पश्चात ते वेगळे सांगितले जाईल.

ते म्हणाले, "आगं मोनिका, आयतवारी पाव्हणे येत्यात. दोन दिस थांब. नारळ फुटला की बोट तुझीच हाय."

मी म्हटले, "आबा, दोन दिवस थांबते असं पूजाने तुम्हाला कळवलंय का?"

"तसं न्हाई गं. तू शहरात ऱ्हातीस, तुला न्हाई कळायचं. नवा पूल ह्याच्याच हातात हाय, ह्यो पाव्हना नाराज झाला तर पूल गेला. आज एक पूजा हाय, पूल न्हाई झाला तर दरसाल एक पूजा. मी काय हौस म्हनून कुलूप लावलंय व्हय?"

हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडणे अवघड जाते.

गहिनीनाथकाका उंबऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आबा, नारळ पान्यात टाकला तर त्यो तरंगतो. ह्या तिगी न्हाई तरंगायच्या."

"तू गप, गहिन्या. जुनी बोट येक खेप मारतीय की. सरांच्या टायमापास्नं मारतीय."

"सर कुटं हायती?" काका म्हणाले.

तेवढ्यात आबांच्या घरातून चहा आला, तो आम्ही घेतला, आणि मी उठले.

तर, या बोटीबाबत माझी इच्छा अशी. उद्या ती पाण्यातून परत आली, कोणत्याही स्थितीत आली, तर ती पुन्हा दुरुस्त करू नये. ती कापावी. हवेचे तिन्ही कप्पे आडवे कापावेत, म्हणजे एकही हवा धरणार नाही. "असू दे, कधी कामाला येईल" असे म्हणून ती कोणाच्याही माळ्यावर ठेवू नये. या गावात नवे जपून ठेवतात आणि जुने वापरतात. तुकडे कांद्याच्या चाळीवर झाकायला ज्याला हवेत त्याने न्यावेत. मात्र लागून असलेले दोन तुकडे एकाच घरी देऊ नयेत. कोणीतरी ते जोडेल.

कलम ६. मी परत आले नाही, तर:

माझ्या शोकसभेच्या दिवशी नव्या बोटीचे उद्घाटन उरकून घेऊ नये. नव्या बोटीला माझे किंवा वडिलांचे नाव देऊ नये. कल्याणला कोणी बोलू नये. माझे दफन वडिलांच्या शेजारी व्हावे, एक गीत म्हणावे, भाषण नको. आबासाहेबांनी यावे, पुढच्या बाकावर बसावे. बोलू नये.

पोलिसांनी विचारल्यास हा कागद द्यावा. बोटीची अवस्था मला ठाऊक होती. ती आबासाहेबांनाही ठाऊक होती, कारण मी त्यांना आज पुन्हा सांगितली आहे. हे खरे आहे याची खूण म्हणून दुसरा साक्षीदार मी त्यांनाच निवडते. ते या कागदात लाभार्थी नाहीत, वाचता-लिहिता येते, आणि मला लहानपणापासून ओळखतात. सही करण्यापूर्वी त्यांनी सगळी कलमे वाचावीत, ही विनंती.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

मोनिका शमुवेल साळवे (सही)

ठिकाण: बोरखडी, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५

साक्षीदार पहिला: गहिनीनाथ (सही). माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा:

मी आबासाहेब. हितं बसून समदं वाचलं, परत येकदा वाचलं. ह्या कागदावर मी सही करनार न्हाई. समाजमंदिराची किल्ली, पंप, वल्ही आनि जाकिटं गहिनीनाथकडं दिली. पाव्हन्यांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. फलकबी काढून ठेवतो. सकाळी मी बोटीत बसनार. सरांच्या पोरीला येकटी सोडनार न्हाई.

(पुढील नोंद माझी. — मो.)

दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय मृत्युपत्र पुरे होत नाही. त्यामुळे हे आज अपुरे आहे. मी दुसरा साक्षीदार शोधलेला नाही.

आबासाहेबांना बोटीत घेणार नाही. त्यांचे वजन परतीच्या खेपेला परवडणारे नाही. ते इकडच्या काठावर रुग्णवाहिकेपाशी थांबतील. त्यांना हे पटलेले नाही.

नवी बोट याच ओट्यासमोर फुगवली. प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडा कुठेच नाही. एवढी खात्री झाल्यावर कलम ५ माझ्या मृत्यूची वाट न पाहता अमलात आणले. पहिला काप बायडाबाईंनी मारला. डावी नळी कापताना गहिनीनाथकाकांनी मान दुसरीकडे केली. आबासाहेबांनी एक तुकडा चाळीसाठी मागितला, तो दिला. शेजारचा कल्याणने मागितला. तो दिला नाही.

मग कोंडवस्तीवर फोन लावून छबूबाईंना सांगितले की उद्या सकाळी नवी बोट घेऊन येत आहे, पूजाला तयार ठेवा.

त्या म्हणाल्या, "पाव्हणे येऊन गेले व्हय? नारळ फुटला?"

मी म्हटले, "नाही फुटला."

"मंग हिकडं फोडू," त्या म्हणाल्या. "नारळ माज्याकडं हाय. तू ये."