कागदोपत्री गोलरक्षक

तीर्थरूप आईस,

नमस्कार शेवटी करतो, आधी बातमी. काल आपला संघ जिंकला आणि मी धडधाकट आहे. पेपरातला फोटो पाहून घाबरू नकोस.

चाकांच्या बुटांवरच्या या हॉकीत प्रत्येक संघाच्या यादीत दोन गोलरक्षक लागतात. आपल्या अख्ख्या देशाकडे आहे एकच. म्हणून संघटनेचा अध्यक्ष या नात्याने दुसरं नाव मी दरवर्षी माझंच घालतो. आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

काल मध्यंतरात, मीच हौसेने लावलेल्या संघटनेच्या बॅनरमध्ये अडकून आपला गोलरक्षक पडला आणि त्याचा पाय मुरगळला. पंचांनी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

बूट चढवून मी उभा राहिलो तो धाडकन पालथा पडलो, गोलच्या तोंडाशीच आडवा. उठायला लागलो तर प्रशिक्षक बाई ओरडल्या, "अध्यक्षसाहेब, हात जोडते, उठू नका!" मग तसाच राहिलो. रबरी चकती तीनदा माझ्या पोटाच्या घेरावर आपटून परत गेली. ज्या पोटावरून तू आणि तुझी सून मला उठताबसता ऐकवता, त्यानेच काल सगळ्यांची लाज राखली.

गुडघा अगदी ठीक आहे. तू दिलेली तेलाची बाटली मात्र एका दिवसात संपली.

तुझी कंबर कशी आहे? माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढू नकोस. या वयात पडणं बरं नव्हे.

तुला साष्टांग नमस्कार. या वेळी नुसता लिहिण्यापुरता नाही, काल भर मैदानात वीस मिनिटं घातलाय.

तुझा,
धाकटा