सावळा आबांची हजेरी

थोरल्या सावळा आबांच्या पायाशी,

तुमाला जाऊन सत्तर वर्सं झाली, तेव्हा हे पत्र कुटं टाकायचं ते मला ठाऊक न्हाई. पण आज सांगितल्याशिवाय राहवंना. टाकवे गावाच्या वरच्या आपल्या वाडीतली मी, तुमची पणती, गावची पोलीस पाटील झाले. गोऱ्या सायबाच्या राज्यातलं हे पद अजून चालू आहे. त्याच पाटलाच्या चावडीपुढं तुमी रोज सांजच्याला उकिडवं बसून हजेरी द्यायचा, कारण सरकारनं आपली अख्खी जातच चोर ठरवली होती. आजी सांगायची, धाकटा लेक गेला त्या दिवशी तुमी आधी हजेरी दिली, मग त्याला माती दिली.

आज खालच्या एका बंगल्यात चोरी झाली. हवालदार चावडीवर आले आणि म्हणाले, "पाटीलबाई, वाडीतले सगळे गडी हितं आणून बसवा. नावं लिहून घेऊ."

"आणि गावातले?"

"त्यांचं कशाला?"

"मग वाडीचीच लिहा. पहिलं नाव माझं."

मी खुर्चीवरनं उठले आणि चावडीपुढं तुमच्यासारखी उकिडवी बसले.

हवालदारांनी पेन उघडलंच न्हाई. "उठा, पाटीलबाई," एवढंच म्हणाले आणि वही मिटून चोरी झालेल्या बंगल्याकडं चालते झाले.

मी लगेच उठले न्हाई. तुमच्या जागेवर जरा वेळ बसून राहिले.

मग आपण दोघं उठलो, आबा.

तुमची पणती,
हर्षदा गवारी
पोलीस पाटील