शेवटची नळी

३ सप्टेंबर, मंगळवार
कन्येने आज बळेच प्रयोगशाळेत नेले. हिला, म्हणजे कन्येच्या आईला, जाऊन अकरा महिने झाले. त्यानंतर प्रथमच पाऊल ठेवले. माझा कोट त्याच खुंटीला होता. शेजारची खुंटी रिकामी.

फ्रीझरमध्ये हिच्या अक्षरातील चिठ्ठी लावलेली एक नळी. तिच्यात तो जनुकाचा तुकडा — जो प्लाझ्मिडच्या, म्हणजे जीवाणूतल्या छोट्या डीएनएच्या, वलयात जोडण्याचा प्रयत्न आम्ही उभयतांनी सात वेळा केला आणि सातही वेळा फसलो.

"शेवटची आहे, बाबा. मूळ नमुनाही संपलाय. एकदाच जमेल."

४ सप्टेंबर
कन्या म्हणते, "कात्री-डिंकाचे दिवस गेले हो! टोकं एकमेकांवर चढतील अशी बनवायची, की तासाभरात जोड तयार." असेल. हिचा तुकडा हिच्याच पद्धतीने, लायगेजचा डिंक घालूनच जोडला जाईल.

"हट्टी आहात."

आहे.

६ सप्टेंबर
हिची वही वाचली. जोड लागली तर थाळीवर जीवाणूंचे पांढरे ठिपके येतात. वलय रिकामेच मिटले तर निळे. आमच्या सातही थाळ्या कोऱ्या. निळेही का नसावेत?

दुपारी उलगडले! वलय रिकामे मिटू नये म्हणून हिने त्याच्या टोकांवरचे फॉस्फेट काढले होते. फॉस्फेटवाचून लायगेज जोडत नाही, म्हणजे ते तुकड्याने आणावयास हवे. आणि तुकड्याच्या प्रती ज्या प्रायमरांनी, टोकाशी बसणाऱ्या आखूड धाग्यांनी, काढल्या, ते मी मागवलेले — बिनफॉस्फेटचे! दोन्ही बाजू कोऱ्या. लायगेज बिचारे काय जोडणार?

आणि मी हिला म्हणालो होतो, "तुझा हात स्थिर नाही."

७ सप्टेंबर
किनेज या विकराने तुकड्याला फॉस्फेट लावले. हात थरथरला — माझा. मग लायगेज. उद्यापर्यंत सोळा अंशांवर.

८ सप्टेंबर
जोड जीवाणूंत सोडली. थाळी उबवणीत. 

९ सप्टेंबर
पांढरे! तेवीस पांढरे, एक निळा! वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी व्हरांड्यातून धावलो. कन्या ओरडली, "बाबा, थाळी सांभाळा, पडाल!" — काळजी थाळीची की माझी, हे विचारले नाही.

११ सप्टेंबर
तपासणी झाली. तुकडा बरोबर जागी बसला आहे. कन्येने एक पाकीट हाती ठेवले. "आईनं बजावलं होतं, जोड लागल्याशिवाय तुम्हाला दाखवायचं नाही." आत कन्येला लिहिलेली चिठ्ठी:

"फॉस्फेट राहिलंय, हे मला दवाखान्यात पडल्या पडल्या सुचलं. ह्यांना सांगू नकोस. चूक ह्यांचीच, सापडू दे ह्यांनाच. नाहीतर घरात बसून राहतील. शेवटची नळी आहे म्हणून सांग, म्हणजे डोकं चालवतील. फ्रीझरच्या मागच्या खणात अजून बारा आहेत."

१२ सप्टेंबर
मोजून आलो. बाराच आहेत!