आबांचा निरोप

अजिनाथदादा,

रंगुआजीनं माहेराहून एक संगमनेरी शेळी आणली होती. तिच्याच वंशाच्या चाळीस शेळ्या आज मी सांभाळते. तू त्या विकायला निघालास, म्हणून आबांनी तुझ्याशी बोलणं सोडलं आणि तू सावेडीला गेलास.

शेवटच्या आजारात आबा म्हणाले, "अजिनाथला बोलव."

मी म्हणाले, "फोन लागत न्हाई."

दादा, मी फोन लावलाच नव्हता. तू आलास तर आबा कळप तुझ्या हवाली करतील, याची भीती वाटली.

"मग त्याला सांग, माझा राग न्हाई," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते गेले. तो निरोपही मी तुला दिला नाही.

आबा रागातच गेले म्हणून तू अजून स्वतःला दोष देतोस, असं वहिनी सांगत होती.

हे पत्र टाकत नाही. उद्या धारा काढून पहिल्या एसटीनं येते आणि समोर बसून सांगते. मग शेळ्यांचं काय ते तू ठरव.

तुझी धाकटी,
सुरेखा