आपोआप आलेला सदरा

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे (हे वाक्य पत्राची रीत म्हणून लिहिलं आहे, शब्दशः घेऊ नये). तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे सुखरूप पोचली, हे शेजारच्या घड्याळजींकडून कळलं. म्हणजे तिनं त्यांच्या घरी फोन केला, माझ्या नाही. नवऱ्याला सोडून ती का आली हे तिनं सांगितलं असेलच. पण प्रयोगाची हकिकत प्रयोग करणाऱ्याच्या तोंडून ऐकावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुम्हाला ठाऊक आहे की मी चष्मे करतो, आणि विज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या मास्तरांनीच लवकर तोडून टाकला. तरीही सूक्ष्मदर्शक मी स्वतः केला. विकतचा नव्हे. काचेचा बारीक तंतू ज्योतीत धरला की टोकाला मोहरीपेक्षा लहान मणी जमतो. तो पितळी पट्टीच्या भोकात बसवला की झालं. ('की झालं' म्हणायला सोपं आहे. बिघडलेले मणी दुकानाच्या फरशीवर अजून पायाला टोचतात.) काही शतकांपूर्वी एका कापडवाल्यानं असल्याच इवल्याशा काचेतून साचलेल्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले होते. तोही कॉलेजात गेला नव्हता. यावर अधिक बोलणं मला शोभणार नाही, म्हणून एवढंच बोलतो.

आता मूळ वाद. जुन्या काळचे मोठमोठे विद्वान मानत की जीव आपोआप उपजतात. मांस ठेवलं की अळ्या, चिखल साचला की बेडूक. एका वैद्यानं तर उंदरांची कृतीच लिहून ठेवली आहे: घामट सदरा गव्हाच्या मडक्यात कोंबा, तीन आठवडे थांबा, उंदीर तयार. पुढे कुणीतरी मांसाच्या बरणीवर फडकं बांधून पाहिलं, आणि आतल्या मांसात अळ्या काही झाल्या नाहीत. मी फडक्याच्या पक्षाचा. जगात आपोआप काहीही होत नाही, हे माझं मत मी गिऱ्हाइकाच्या नाकावर काच चढवता चढवता सांगत असे (त्या वेळी गिऱ्हाइकाला हलता येत नाही). ते वाचनालयाच्या चिटणिसांना पटलं आणि त्यांनी येत्या रविवारी माझं व्याख्यान ठेवलं. सप्रयोग. बाहेरच्या फळ्यावर 'सूक्ष्म'मधला 'सू' ऱ्हस्व काढला होता, तो मी जाऊन दीर्घ केला.

तयारी अशी, की मटणाचं पाणी उकळून दोन बाटल्यांत भरलं. एक उघडी, दुसरीचं तोंड मेणानं बंद. दोन्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण ऊब तिथेच. उघडीला वास सुटला. तुमची बहीण नाकाला रुमाल बांधून स्वयंपाक करत राहिली. विज्ञानाला तिचा विरोध नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. उघड्या बाटलीतला थेंब मण्याखाली घेतला तेव्हा बारीक जीव तर दिसलेच, पण त्यांच्या आड एक मोठा, काळसर, वाकड्या लांब पायांचा प्राणी दिसला, जो कुठल्याच पुस्तकात नाही. मी डोळा लावला की हजर, डोळा काढला की पसार. मी तो हिलाही दाखवला. तिच्या प्राण्याचे पाय जास्त लांब आहेत, असं ती म्हणाली. ती मादी असावी, असं अनुमान काढून मी व्याख्यानासाठी दोघांची मोठी चित्रं काढायला घेतली.

घोटाळा झाला तो इथे. हिनं विचारलं, व्याख्यानाला कुठला सदरा घालणार? मी म्हटलं, पांढरा. कुठे आहे तो? कपाटात. आणि कपाटात कसा आला? दादा, माझा डोळा त्या वेळी मण्याला लागलेला होता, आणि डोळा मण्याला लागला की जिभेवर लक्ष राहत नाही. मी म्हणालो, “आपोआप येतो की.”

तिनं नाकावरचा रुमाल सोडून घडी घातला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, “बरं. आता बघत बसा तुमचं आपोआप.” पांढरा सदरा तिनं कपाटातून काढून मळक्यांत टाकला आणि सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे निघून आली.

मी शास्त्राचा माणूस. रोज कपाट उघडून पाहिलं. सदरा उपजला नाही. मळके मात्र टोपलीत मावेनात, तेव्हा काही मी गव्हाच्या डब्यावर टाकले (डब्याचं झाकण कुठे गेलं, ठाऊक नाही). आणि काय सांगू, डब्यात उंदीर झाले. चांगले, शेपटीसकट. जुन्या वैद्याची कृती, तीही मुदतीच्या आत. क्षणभर माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण मी डगमगलो नाही. शेजारचा तांदळाचा डबा तपासला. त्याचं झाकण तुमची बहीण जाण्यापूर्वी दाबून बसवून गेली होती. त्यावरही दोन सदरे होतेच, पण आत एकही उंदीर नाही. तेव्हा सिद्ध झालं की उंदीर सदऱ्यातून येत नाहीत, उघड्या झाकणातून येतात. इतका चोख प्रयोग एकट्या माणसानं, घरातल्या घरात, उपाशीपोटी आजवर केला नसेल. अभिमान वाटतो तो याचा.

तर इकडची काळजी नसावी. बंद बाटली अजून नितळ आहे. चहा मीच करतो आणि मीच पितो, कारण दुसरा कुणी तो पिणार नाही. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
चष्मेवाला मेव्हणा

ता. क. : त्या प्राण्याबद्दल. काल डोळ्यात खुपत होतं म्हणून पापणीचा एक केस काढला. नंतर मण्यातून पाहिलं, तर प्राण्याचा एक पाय कमी. चित्रं गुंडाळून ठेवली आहेत. स्वतःच्या पापणीचं इतकं हुबेहूब चित्र मात्र दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. तिच्या पापण्या माझ्यापेक्षा कितीतरी लांब आहेत, हे लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मला काचेच्या मण्यातून कळलं. हे तिला सांगू नका. (सांगितलंत तरी चालेल.)

आणखी ता. क. : इस्त्री कुठे असते, ते तिला विचारून कळवा. राहू द्या, सापडली. पांढरा सदरा मी स्वतः धुतला आणि स्वतःच इस्त्री केला. पाठीवर एक तपकिरी त्रिकोण उमटला आहे, पण रेषा सरळ आहेत.

शेवटचा ता. क. : व्याख्यानाचं पहिलं वाक्य मी वाढवलं आहे. 'जगात आपोआप काहीही होत नाही, सदरासुद्धा नाही.' ते तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकावं, एवढ्यासाठीच हे पत्र. शनिवारच्या गाडीला मी स्टेशनवर उभा असेन. गर्दीत सापडलो नाही, तर तिला म्हणावं, पाठीवरचा त्रिकोण बघ.